'द यलो वॉलपेपर' आणि बाळंतिणीचे मन

स्त्रीवादी समीक्षा शिकवताना शार्लट पर्किन्स गिल्मन यांची 'द यलो वॉलपेपर' ही कथा हमखास पुढे येते. १८९२ साली ती 'न्यू इंग्लंड मॅगझिन'मध्ये प्रसिद्ध झाली. १९७३ साली फेमिनिस्ट प्रेसने ती पुन्हा छापली आणि ती अभ्यासक्रमांत रुजली. भिंतीच्या कागदामागे अडकलेली स्त्री, डॉक्टर नवरा, लेखनावरची बंदी यांवर आम्ही शिकवणाऱ्यांनी पुष्कळ बोलून घेतले आहे. निवेदिका नुकतीच बाळंत झालेली आहे, हे मात्र जाता जाता सांगितले जाते.

गिल्मन यांना मार्च १८८५मध्ये मुलगी झाली. बाळाला कपडे घालतानाही अंगाला कंप सुटे, रडू कोसळे. १८८७ साली त्या फिलाडेल्फियाला सायलस वेअर मिचेल या नामवंत डॉक्टरकडे गेल्या. सक्तीची विश्रांती, भरपूर आहार आणि मालिश ही त्यांची उपचारपद्धती. महिनाभराने घरी पाठवताना मिचेल यांनी बजावले, की बौद्धिक काम दिवसाला दोनच तास करावे, लेखणी किंवा कुंचला जन्मात हाती धरू नये. हे सर्वांना ठाऊक असते. मूल सतत जवळ ठेवावे, हाही त्याच आदेशाचा भाग होता. गिल्मन यांच्या १९३५ सालच्या आत्मचरित्रात तो नोंदलेला आहे. जिला बाळाच्या सहवासात रडू आवरत नव्हते, तिला तोच सहवास औषध म्हणून दिला गेला आणि तिच्या सोबतीला कोण, हे कोणी विचारले नाही. कथेत बाळ दाईकडे सोपवले आहे. हा बदल लेखिकेने का केला असावा, यावर वर्गात एक तास तरी खर्च व्हावा असे आम्हास वाटते.

हे सारे वैद्यकाच्या अज्ञानातून घडले म्हणावे, तर तसेही नाही. पॅरिसच्या लुई-व्हिक्टर मार्से यांनी गर्भिणी, नवप्रसूता आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या मनोविकारांवर १८५८ सालीच स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. ज्ञान होते, ते बाईच्या घरापर्यंत पोचत नव्हते.

पोचवण्याचा प्रश्न पुढे फार साध्या रीतीने हाताळला गेला. १९८७ साली एडिनबरोत कॉक्स, होल्डन आणि सॅगोव्हस्की यांनी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली केली. गेल्या सात दिवसांत हसू आले का, स्वतःला उगाच दोष दिला का, असे ते प्रश्न. दोन वर्षांनी याच मंडळींनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविकांना थोडे प्रशिक्षण दिले. त्यांनी आठवड्यातून एकदा, असे आठ वेळा आईपाशी बसून तिचे ऐकून घ्यायचे. अशा २६ स्त्रियांपैकी १८ पूर्ण बऱ्या झाल्या. अशी भेट न मिळालेल्या २४ जणींपैकी ९. आकडे लहान आहेत, पण बोलके आहेत.

आपल्याकडे बाळंतिणीला शेकशेगडी, डिंकाचे लाडू, माहेरची विश्रांती असते. मनाचे दुखणे त्यात गृहीत धरलेले नसते. २००२ साली गोव्यातील एका अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के स्त्रियांत नैराश्य आढळले. त्यामागे गरिबी होती, नवऱ्याची मारहाण होती, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी होती. पुढे गोव्यातच गर्भारपणापासून नैराश्य असलेल्या स्त्रियांकडे त्यांच्याच वस्तीतल्या, डॉक्टर नसलेल्या बायका प्रशिक्षण घेऊन जाऊ लागल्या. त्यांना 'सखी' म्हटले गेले. जात्यावरच्या ओवीतली सखी आठवावी, असा हा शब्द. २०१९ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष माफक, पण आशादायक होते.

आजार तीव्र असेल तर ऐकून घेणे पुरत नाही, तिथे मनोविकारतज्ज्ञच हवा. बंगळूरच्या निम्हान्समध्ये २००९पासून आई आणि बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा कक्ष आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेल्या सरकारी 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीतही बोलता येते. बाळंतपण उरकून वर्गात परतलेल्या विद्यार्थिनी आमच्यासमोर अनेकदा असतात. गिल्मन शिकवताना हा क्रमांक फळ्यावर लिहायला हरकत नाही.