कॅथेप्सिन एल

कॅथेप्सिन एल : पेशीतील लयकारिकांमध्ये (लायसोसोम) प्रथिनांचे तुकडे करणारे विकर. ‘कॅथेप्सिन’ हे नाव व्हिल्श्टेटर व बामान यांनी १९२९ मध्ये दिले. लयकारिकेचे वर्णन द द्यूव्ह यांनी १९५५ मध्ये केले.

हे विकर निष्क्रिय पूर्वरूपात तयार होते. आम्ल वातावरणात त्याचा पुढचा भाग तुटतो आणि ते कामाला लागते. त्यामुळे वेस्टर्न ब्लॉट चाचणीत एकाच प्रतिपिंडाने (अँटिबॉडी) दोन-तीन पट्ट्या उमटतात : वर पूर्वरूप, खाली २५ ते ३० किलोडाल्टनच्या आसपास तयार विकर. नवख्याला प्रतिपिंडातच खोट वाटते. खरी अडचण वेगळी. मानवातील कॅथेप्सिन व्ही हे विकर कॅथेप्सिन एलशी इतके मिळतेजुळते आहे, की निष्काळजीपणे निवडलेले प्रतिपिंड दोघांनाही चिकटते.

गुराढोरांच्या यकृतात राहणाऱ्या चपट्या कृमीतही (फॅसिओला) याच कुळातील विकरे असतात. कृमी ती आतड्यातून बाहेर सोडून रक्त व ऊती पचवतो, शिवाय जनावराची प्रतिपिंडेही कापतो. त्याचा प्रसार पाणगोगलगायींमार्फत होतो. संथ, उथळ पाणी आणि काठचे ओले गवत त्यांना मानवते. उदाहरणार्थ, बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात गोदाकाठ आहे आणि जायकवाडीचा उजवा कालवाही. शिवाय येथून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे बैल हंगामभर परगावच्या पाण्यावर असतात. जनावर खंगणे, जबड्याखाली पाणी भरणे ही लक्षणे दिसेपर्यंत यकृताची बरीच नासाडी झालेली असते.

शेणात कृमीची अंडी सापडायला लागणीनंतर साधारण तीन महिने लागतात. कृमीच्या कॅथेप्सिन एलविरुद्धची प्रतिपिंडे मात्र काही आठवड्यांतच रक्तात येतात, म्हणून एलायझा चाचणीत हे विकर प्रतिजन म्हणून वापरतात. भारतात इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत यावर काम झाले आहे. उलट बाजूची चाचणीही आहे : स्पेनमधील संशोधकांनी तयार केलेले एमएम३ हे एकजनक (मोनोक्लोनल) प्रतिपिंड शेणात मिसळलेले विकरच पकडते.

या दोन्ही चाचण्यांतील फरक व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. कृमिनाशक औषधांपैकी ऑक्सिक्लोझानाइड मुख्यतः वाढ झालेल्या कृमींवर चालते, ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्यांवरही; त्यामुळे औषधानंतर कृमी खरेच मेले का, हे पाहावे लागते. कृमी मेले तरी रक्तातील प्रतिपिंडे काही महिने टिकतात. म्हणून औषध लागू पडले का, हे पाहण्यासाठी रक्त नव्हे, शेण तपासावे.