मूत्रातील डीएनए व बृहदांत्राचा कर्करोग
बृहदांत्र व गुदांत्र यांच्या कर्करोगाचे प्राथमिक अवस्थेत निदान झाल्यास तो शस्त्रक्रियेने बहुधा बरा होतो. तथापि त्या अवस्थेत लक्षणे क्वचितच जाणवतात. त्यामुळे सोप्या चाचणीचा शोध दीर्घकाळ चालू आहे. रक्तद्रवात कोशिकाबाह्य न्यूक्लिइक अम्ले असतात, हे मांदेल व मेते या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये दाखविले. कर्करोग्यांच्या रक्तरसात अशा डीएनएचे प्रमाण पुष्कळदा वाढलेले असल्याचे १९७७ मध्ये आढळले. बोटेझाटू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये पुढचा दुवा जोडला : पुरुषाचे रक्त दिलेल्या स्त्रियांच्या मूत्रात वाय गुणसूत्राचे अंश, तर बृहदांत्रात अर्बुद असलेल्या रोग्यांच्या मूत्रात केआरएएस जनुकातील उत्परिवर्तन सापडले. म्हणजेच रक्तातील डीएनएचे लहान तुकडे वृक्कांतून गाळले जाऊन मूत्रात उतरतात. हे तुकडे सु. १५०–२५० क्षारक-जोड्यांएवढे असल्याचे २००४ मध्ये नोंदविले गेले. मूत्र विनावेदना मिळते; परंतु त्यातील एंझाइमांमुळे डीएनएचे झपाट्याने विघटन होते व अर्बुदाचा अंशही अत्यल्प असतो. अमेरिकेत विष्ठेवरील डीएनए चाचणीला २०१४ मध्ये व रक्तावरील चाचणीला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. मूत्रातील डीएनएची चाचणी मात्र अद्याप नित्याच्या तपासणीत आलेली नाही. निश्चित निदानासाठी बृहदांत्रदर्शन व ऊतकपरीक्षा यांचाच आधार घ्यावा लागतो.