जनरेटर १५०० चा की ३००० चा?

२००५ च्या सुमारास, मुंबई सोडून राज्यभर लोडशेडिंग वाढलं. आपली सोसायटी तेव्हा जेमतेम पाच वर्षांची. लिफ्ट बंद, पंप बंद. वरच्या मजल्यांवरच्या आजी-आजोबांनी खाली उतरायचं कसं? सर्वसाधारण सभेपुढे कोटेशनं दोन प्रकारची आली: मिनिटाला ३००० फेऱ्यांचा स्वस्त, आटोपशीर डिझेल सेट आणि १५०० फेऱ्यांचा जड, महाग. वीज दोन्हींत ५० हर्ट्झचीच. पहिल्याच्या अल्टरनेटरला पोल दोन, दुसऱ्याच्या चार, एवढाच हिशेब.

गावाकडच्या सभासदांना तर १५०० सुद्धा फार वाटले! त्यांच्या डोळ्यांसमोर विहिरीवरचं लिस्टर पद्धतीचं इंजिन होतं. मूळ इंग्लंडचं, १९३० च्या आसपासचं. पुढे राजकोटच्या कारखान्यांनी तसंच बनवलं. फेऱ्या जेमतेम सहाशे-साडेसहाशे, दोन अवजड चाकं, हँडल मारून सुरू करायचं. टिकाऊ खरंच. पण त्याला पाया भक्कम लागतो, आणि तो दणका तळमजल्यावाल्यांनी का सोसावा?

खर्च वाचवा म्हणणाऱ्यांचंही अगदीच खोटं नव्हतं. कधीमधी अर्धा तास चालवायचा असता तर ३००० चा पुरला असता. इथे रोज तासन्‌तास चालवायचा होता. दुप्पट फेऱ्या म्हणजे झीज लवकर आणि आवाज कर्कश. शेवटी १५०० चा आला, आवाज कोंडणाऱ्या पेटीसकट. जादा वर्गणीवरून पुढे दोन बैठका गाजल्या, त्या वेगळ्याच.