दिवटी, कंदील आणि विजेरी



धुळ्यात इतिहासावर बोलायला उभे राहणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२६ सालच्या अखेरीस याच गावी देह ठेवला आणि त्यांचे कार्य पुढे चालावे म्हणून येथेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. अशा गावात सनदा आणि बखरी यांवर बोलावे ही श्रोत्यांची अपेक्षा रास्त आहे. मी मात्र आज बोलणार आहे ते आपल्या उशाशी पडलेल्या एका वस्तूविषयी. पुस्तकात तिला विजेरी म्हणतात, घरात आपण तिला बॅटरी म्हणतो.

हा विषय मला सुचला तो घरच्या एका प्रसंगामुळे. एका वैशाखात वळवाचे वादळ झाले, कुठेतरी तारांवर झाड पडले आणि सगळे देवपूर अंधारात बुडाले. आई वरच्या मजल्यावर होती. फळीवरची विजेरी घेऊन ती जिना उतरू लागली. कळ दाबली, विजेरी लागली नाही. आता लागेल, मग लागेल, अशा भरवशावर तिने आणखी दोन पायऱ्या उतरल्या आणि तिसरी चुकली. दुसऱ्या दिवशी मी विजेरी उघडली, तो सेल पाझरून आतली पितळी पट्टी हिरवी पडलेली. तोवर आईच्या मनगटाला प्लास्टर चढले होते. ती एवढेच म्हणाली, “कंदिलात तेल नाही हे दिवेलागणीलाच कळायचं रे. हिच्या पोटात काय उरलंय ते कळायचं कसं?”

मला वाटते, आपण विजेरी निवडताना नेमका हाच प्रश्न विचारत नाही. उजेड किती पडतो ते दुकानात पाहतो, किंमत पाहतो, रंग पाहतो. पण शिल्लक कशी कळणार हे पाहत नाही. आपल्या पूर्वजांच्या दिव्यांकडे या दृष्टीने पाहिले तर बरेच काही ध्यानात येते.

जुन्या घरात दिव्यांची दोन कुळे होती. समई, ठाणवई, लामणदिवा हे बसण्याचे दिवे. दिवटी, पलिता, मशाल हे चालण्याचे दिवे. बसण्याच्या दिव्याचा उजेड चहूकडे सारखा, मंद आणि टिकाऊ. चालणाऱ्याला मात्र पुढच्या चार पावलांपुरता पण वाऱ्याला पुरून उरणारा उजेड हवा. खंडोबाच्या दिवटी-बुधल्याची जोडी आपण कुळाचारात पाहतो. दिवटी पेटती राहायची तर तेलाचा बुधला शेजारी हवाच. चालत्या दिव्याचा साठा दिव्याबरोबर आणि डोळ्यांसमोर चालला पाहिजे, हा साधा व्यवहार त्या जोडीत आहे.

या चालत्या दिव्याची गरज खानदेशाला विशेष. पांझरेसारख्या नद्यांवर बंधारे घालून पाटाने पाणी खेळवण्याची फड पद्धत आपल्याकडे काही शतके नांदली. तिच्यात पाणी वाटणारा पाटकरी होता, पिकाला पाणी देणारा बारेकरी होता, राखणीला जागल्या होता. पाण्याची पाळी दिवस-रात्र पाहत नाही. पाट फुटला तर रात्रीच धावावे लागते. आणि बांधावरून, ओल्या गवतातून चालणाऱ्या माणसाला मण्यार आणि घोणस यांचे भय तेव्हा होते तितकेच आजही आहे.

पुढे घासलेट आले आणि त्याच्याबरोबर कंदील आला. कराडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील स्वदेशीच्या अभिमानाने घरोघर टांगला गेला. कंदिलाने दोन्ही कुळे एक केली : तो खुंटीवर टांगला की बसण्याचा, हातात धरला की चालण्याचा. त्याच्याबरोबर घराला एक शिस्तही लागली. तिन्हीसांजेपूर्वी काच राखेने पुसायची, वात कातरायची, टाकी हलवून तेल पाहायचे. हे काम बहुधा घरातल्या मुलींकडे असे. ते कंटाळवाणे होते खरे, पण त्यामुळे घरातला एकही दिवा बेभरवशाचा राहत नसे.

विजेरीचा जन्म परक्या मुलुखातला. लक्लांशे या फ्रेंच माणसाने १८६६ साली जो विद्युत्घट केला त्यात पातळ द्रव असे. तो आडवा केला की सांडे. १८८० नंतरच्या दशकात जर्मनीच्या गास्नरने त्या द्रवाची खळ करून ती जस्ताच्या डब्यात बंद केली. सेल कोरडा झाला आणि म्हणूनच हातात धरून चालता येऊ लागला. १० जानेवारी १८९९ रोजी डेव्हिड मिसेल याला अमेरिकेत नळीच्या आकाराच्या विजेरीचे पेटंट मिळाले आणि न्यूयॉर्कला कॉनरॅड ह्यूबर्ट याच्या कंपनीने ती विकायला आणली. त्या काळचे सेल दुबळे, दिव्यातली कोळशाची तार खादाड. दिवा क्षणभर लावायचा आणि सेलला विसावा द्यायचा, असा प्रकार होता. म्हणून तिकडे तिचे नाव पडले ‘फ्लॅशलाइट’, म्हणजे नुसता लखलखाट. १९१० च्या सुमारास टंगस्टनची बारीक तार काढता येऊ लागली आणि लखलखाटाचा उजेड झाला.

मात्र या प्रगतीत एक गोष्ट हरवली. गास्नरच्या सेलमध्ये जस्ताचा डबा हाच साठाही आहे आणि भांडेही. वीज निघते ती जस्त झिजून. समईतले तेल संपले तरी समई शाबूत राहते. येथे तेलाबरोबर समईच विरघळते. शेवटी डब्याला भोक पडते आणि आतली खळ बाहेर येते. तेव्हा सेल पाझरणे हा अपघात नव्हे, तो त्याचा स्वभाव आहे. आणि हे सारे घडते बंद नळीच्या आत, कोणाला न दिसता. १९५० नंतरच्या दशकात निघालेल्या अल्कलाइन सेलला पोलादी डबा आहे, तो अधिक टिकतो. पण संपल्यावर तसाच आत विसरला तर तोही पाझरतो.

आपल्याकडे आधी सेल परदेशातून येत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ते कलकत्त्यात होऊ लागले आणि १९५८ साली लखनौला विजेऱ्यांचा कारखाना निघाला. दोन-तीन मोठ्या सेलांची लांब पितळी विजेरी ही खेड्यात प्रतिष्ठेची वस्तू झाली. सेल अशक्त झाले की लोक ते उन्हात ठेवत. त्याने थोडी धुगधुगी येई खरी, पण तेल काही वाढत नसे.

एव्हाना घराघरात वीज येत होती. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि १९६८ पासून भुसावळजवळच्या औष्णिक केंद्रात वीज तयार होऊ लागली. त्या वसाहतीचे नावच दीपनगर. पुढे २०१३ साली साक्री तालुक्यात १२५ मेगावॉटचे सौर केंद्र उभे राहिले. आणि तरीही या शतकाच्या पहिल्या दशकात भारनियमनाने खेडी तासन् तास काळोखात बसत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. शेतीपंपांना तर वर्षानुवर्षे आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा, कधी रात्री वीज मिळत आली. फडावरचा बारेकरी गेला, पण रात्री पाणी भरायला जाणारा शेतकरी राहिलाच. त्याच्या हातातली विजेरी बांधावर विझली तर पुढचे पाऊल कशावर पडेल ते सांगता येत नाही.

भारनियमनाच्या याच काळात बाजारात भिंतीच्या खोबणीत खोचून भरायच्या विजेऱ्या आल्या. १९९० नंतरच्या दशकात जपानमध्ये पांढरा एलईडी सिद्ध झाला होता. त्यामुळे थोड्या विजेत पुष्कळ उजेड मिळू लागला आणि तार तुटण्याचे भयही संपले. पण अशा पुष्कळशा स्वस्त विजेऱ्यांच्या पोटात शिसे-आम्लाची छोटी बॅटरी असे. ती रिकामी पडून राहिली की कायमची निकामी होते. वरून ती बदलताही येत नसे.

येथे अंधाराचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. एक वेळापत्रकाचा अंधार : तो केव्हा येणार आणि केव्हा जाणार हे ठाऊक असते. त्याला भरायची विजेरी उत्तम, कारण ती रोज वापरली जाते आणि रोज भरली जाते. दुसरा अवचित अंधार : वादळाचा, पुराचा, जळालेल्या रोहित्राचा. तो सहा महिन्यांनी येतो आणि दोन दिवस राहतो. त्याला सुटे सेल घालायची विजेरी हवी, कारण रिकाम्या खोबणीतून काही भरता येत नाही. पहिल्या अंधारासाठी घेतलेली वस्तू दुसऱ्या अंधारात हाती धरली की फसगत होते. ज्याला परवडते त्याने दोन्ही ठेवाव्यात. ज्याला एकच घ्यायची आहे त्याने सुट्या सेलांची घ्यावी, आणि सेलही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे असावेत.

उजेडाच्या आकड्यांना भुलू नये. खोलीतून खोलीत जायला वीस-तीस ल्यूमेन पुरतात. मळ्यात जाणाऱ्याला शंभरावर हवेत. मंद उजेडाची सोय असेल तर ती अवश्य पाहावी, कारण अंधार लांबला की तीच कामी येते. खोक्यावर तासांचा आकडा असतो, त्याचाही अर्थ समजून घ्यावा. २००९ साली अमेरिकेत ठरलेल्या प्रमाणानुसार, आरंभीचा उजेड एक-दशांशावर येईपर्यंतचा काळ म्हणजे विजेरीचे आयुष्य. म्हणजे ‘वीस तास’ याचा अर्थ वीस तास सारखा उजेड, असा नव्हे.

आणि एवढे करून उत्तम विजेरी घेतली, तरी आईचा प्रश्न शिल्लक राहतोच. तिच्या पोटात काय उरले आहे ते आपण होऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. कंदिलाने लावलेली शिस्त विजेरीने सोडवली, हे तिचे सुख आहे आणि हाच तिचा धोका. ती शिस्त आपणच पुन्हा लावून घेतली पाहिजे. विजेरीची जागा एकच असावी, अंधारात हात पोचेल अशी. क्वचित लागणाऱ्या विजेरीचे सेल काढून तिच्याशेजारीच ठेवावेत, आणि ते घालण्याचा सराव घरातल्या प्रत्येकाला असावा. महिन्यातून एकदा ती लावून पाहावी. दिवस लक्षात राहत नसेल तर अमावास्या धरावी. अंधाराचीच तिथी ती.

आषाढी अमावास्येला आपल्याकडे घरातले सारे दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात आणि त्यांची पूजा करतात. त्यात निव्वळ भाविकपणा आहे असे मला वाटत नाही. पुढे पावसाळी रात्री आहेत. तेव्हा घरात दिवे किती, त्यांतले चालू किती, याची ती वर्षातून एकदा होणारी मोजदाद आहे. आमच्या घरी आता त्या पाटावर समईच्या शेजारी विजेरी असते. हळदकुंकू वाहण्यापूर्वी आई ती उघडते, सेल पाहते आणि कळ दाबते. लागली, की मगच पूजेला बसते.