अस्थिघनतामापक क्ष-किरण उपकरणे

हाडांतील खनिजांचे प्रमाण क्ष-किरणांच्या शोषणावरून ठरविणारी उपकरणे. अस्थिसुषिरता (हाडे विरळ व ठिसूळ होण्याचा विकार) हाड मोडण्यापूर्वीच ओळखणे, हा त्यांचा प्रमुख उपयोग होय. साध्या क्ष-किरण चित्रात विरळपणा दिसू लागेपर्यंत सुमारे ३० टक्के खनिज नष्ट झालेले असते. म्हणून अधिक सूक्ष्म मापनाची गरज भासली.

इतिहास : जे. आर. कॅमेरॉन व जे. ए. सोरेन्सन यांनी १९६३ मध्ये आयोडीन–१२५ या किरणोत्सर्गी समस्थानिकाच्या साहाय्याने हातातील हाडांचे खनिजमापन केले. कणा व खुबा यांभोवती मृदू ऊतकांची जाडी कमीजास्त असल्याने तेथे एकाच ऊर्जेचे किरण पुरेसे ठरत नाहीत. यासाठी दोन ऊर्जांचे किरण देणारे गॅडोलिनियम–१५३ वापरात आले. मात्र त्याचा अर्धायुकाल सुमारे ८ महिन्यांचाच असल्याने उद्‌गम वारंवार बदलावा लागे व मापनात हळूहळू फरक पडे. १९८७ च्या सुमारास त्याची जागा क्ष-किरण नलिकेने घेतली आणि सध्याची द्वि-ऊर्जा क्ष-किरण शोषणमापन पद्धती रूढ झाली.

मूल्यमापन : उपकरणाची पारख मुख्यतः अचूकता व पुनरावर्तिता या दोन गुणांवर होते. पहिल्या गुणासाठी ज्ञात घनतेच्या कृत्रिम मणक्याचे मापन नियमितपणे करतात; दुसऱ्यासाठी ३० व्यक्तींचे प्रत्येकी दोनदा किंवा १५ व्यक्तींचे तीनदा मापन करतात. यातून मिळणाऱ्या प्रमाद-मूल्याच्या २.७७ पटींहून अधिक फरक आढळला, तरच घनता खरोखर बदलली असे मानतात. निरनिराळ्या निर्मात्यांच्या उपकरणांवर एकाच व्यक्तीच्या कण्याची घनता १० टक्क्यांहून अधिक भिन्न येऊ शकते. त्यामुळे दोन केंद्रांवरील आकड्यांची थेट तुलना करून उपचार ठरविणे धोक्याचे असते.

भारतातील स्थिती : मुंबई येथील अणुऊर्जा नियामक मंडळ (स्थापना १९८३) या उपकरणांच्या प्रारण-सुरक्षिततेचे नियमन करते. वसई–विरारसारख्या शहरातील लहान निदानकेंद्रासही त्याची परवानगी घ्यावी लागते. तथापि सुरक्षितता म्हणजे निदानाची हमी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरविलेल्या निकषानुसार, तरुण प्रौढांच्या सरासरीपेक्षा २.५ प्रमाण विचलने किंवा त्याहून अधिक कमी घनता म्हणजे अस्थिसुषिरता होय. ही सरासरी पुष्कळदा पाश्चात्त्य गौरवर्णीय स्त्रियांची असते. उपकरण घनता प्रत्येक चौ. सेंमी. क्षेत्रफळामागे मोजते; त्यामुळे लहान चणीच्या व्यक्तीचे निरोगी हाडही विरळ भासते आणि भारतीय स्त्रीस अकारण रुग्ण ठरविले जाण्याचा संभव असतो. या दृष्टीने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक केंद्रांवर पाहणी करून भारतीय प्रमाणमूल्ये २०१० मध्ये प्रसिद्ध केली.

आरोग्य शिबिरांत टाचेवर लावली जाणारी श्राव्यातीत ध्वनीची उपकरणे क्ष-किरण वापरीत नाहीत. वरील निकष त्यांच्या आकड्यांना लागू पडत नाही. म्हणून त्यांवरून आलेल्या शंकेचे निरसन कणा व खुबा यांच्या क्ष-किरण मापनाने करून घेणे आवश्यक असते.