किल्लारीनं शिकवलेलं
३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले अन् पहाटे किल्लारी परिसर कोसळला. हजारो माणसं गेली. मदतीचे ट्रक सगळीकडून आले, हळूहळू परतलेही. शांतिलाल मुथांच्या भारतीय जैन संघटनेनं मात्र भूकंपग्रस्त १२०० मुलं पुण्याला नेली, राहती ठेवून शिकवली. २००१ च्या गुजरात भूकंपानंतर हीच संघटना तिकडे शाळा उभारत होती.

आपल्या शिरपुरातही पंगत वाढायला पोरं कमी पडत नाहीत. मंदिर, मशीद, चर्च, विहार, सगळ्यांनी आजच यादी करा : ट्रॅक्टर कोणाचा, प्रथमोपचार कोणाला येतो, अन् सहा महिन्यांनंतरही पंचनाम्याच्या कागदांसाठी मालेगाव तहसीलला कोण जाईल?

खिचडी वाटणारे पुष्कळ मिळतात. हे शेवटचं नाव आधी लिहा.