दीड हजारापासून पाच लाखांपर्यंत : ठेव विम्याची कहाणी

ऑक्टोबर २०१९ मध्ये एका पासबुकाच्या पानाचा फोटो देशभर मोबाइलवरून फिरला. पानावर एक शिक्का होता. बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराला जास्तीत जास्त एक लाख रुपयेच मिळतील, असा त्याचा अर्थ. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घालून तेव्हा महिनाही उलटला नव्हता. साहजिकच लोकांनी समजून घेतले की सरकारने हळूच नवा नियम आणला. ज्येष्ठ मंडळी घाबरली, काहींनी मुदत ठेवी मोडल्या. खरे तर तो नियम २६ वर्षे जुना होता. वाचला कोणी नव्हता, एवढेच.

आपल्या मराठी मंडळींचे बँकेशी नाते थोडे निराळे आहे. नोकरीनिमित्त हैदराबादला या, इंदूरला जा की बंगलोरला स्थायिक व्हा, गावाकडच्या सहकारी बँकेतले खाते सहसा बंद होत नाही. तिथे अर्धा टक्का व्याज जास्त मिळते, व्यवस्थापक ओळखीचा असतो, आणि मुख्य म्हणजे ती ‘आपली’ बँक असते. या आपलेपणाला कायद्यात किती रुपयांची हमी आहे, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. त्या हमीचा इतिहास म्हणूनच थोडा तपशिलात सांगावासा वाटतो.

ठेवींचा विमा ही कल्पना गाजली ती अमेरिकेत. १९२९ नंतरच्या मंदीत तिथल्या हजारो बँका बुडाल्या. १९३३ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १९३४ पासून प्रत्येक ठेवीदाराला अडीच हजार डॉलरपर्यंतचे संरक्षण मिळाले. आपल्याकडे हा विचार प्रथम पुढे आला १९४८ मध्ये, बंगालमधल्या बँका एकामागून एक बंद पडू लागल्या तेव्हा. त्यातून सावरण्यासाठी १९५० मध्ये चार बँका एकत्र करून युनायटेड बँक ऑफ इंडिया उभी राहिली. विम्याचा विषय मात्र मागे पडला. आधी बँकांची तपासणी नीट करू, मग विम्याचे पाहू, असे ठरले. ग्रामीण बँकिंग चौकशी समितीनेही १९५० मध्ये विम्याला अनुकूल मत दिले होते. तरी पुढची दहा वर्षे काही हालले नाही.

हालले ते १९६० मध्ये, आणि त्यातला एक धक्का आपल्याच विदर्भातला होता. अकोल्याची लक्ष्मी बँक त्या वर्षी बुडाली. त्याच वर्षी ८ ऑगस्टला केरळातली पलाई सेंट्रल बँक रिझर्व्ह बँकेच्या अर्जावरून न्यायालयाने बंद केली. पलाई ही केरळातली सर्वांत मोठी बँक. ती बंद पडताच शेजारच्या धडधाकट बँकांसमोरही पैसे काढणाऱ्यांच्या रांगा लागल्या. बँकेचे दुखणे हे असे संसर्गजन्य असते. एकीचे दार बंद झाले की दुसरीच्या ठेवीदाराला झोप लागत नाही, आणि सगळेच एका दिवशी पैसे मागायला आले तर चांगली बँकही देऊ शकत नाही, कारण तिने ते कर्जाऊ दिलेले असतात. विम्याचा पहिला हेतू या रांगा थांबवणे हाच होता. भरपाईचा क्रम त्यानंतरचा.

२१ ऑगस्ट १९६१ रोजी विधेयक संसदेत आले आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळ सुरू झाले. मर्यादा होती दीड हजार रुपये. हप्ता बँकेने भरायचा, शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला पाच पैसे. तो ठेवीदाराकडून वसूल करता येत नाही, हा नियम आजही तसाच आहे. सुरुवातीला २८७ बँका विम्याखाली आल्या. १९६७ पर्यंत त्यांतल्या सुमारे शंभरच राहिल्या, कारण मधल्या काळात रिझर्व्ह बँकेने दुबळ्या बँका सशक्त बँकांत विलीन करण्याचा धडाका लावला होता.

सहकारी बँका १९७१ पासून यात येऊ लागल्या, पण एकदम नाही. सहकार हा राज्यांचा विषय. बँक गुंडाळण्याचा किंवा तिचे संचालक मंडळ हटवण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेला देता यावा, अशी दुरुस्ती ज्या राज्याने आपल्या सहकार कायद्यात केली, तिथल्याच बँकांना विमा मिळाला. दोन मालक असलेल्या घरात छप्पर कोणी शाकारायचे, हा वाद सहकारी बँकांच्या बाबतीत पुढेही बरीच वर्षे चालला. त्याची किंमत ठेवीदारांनी मोजली.

मर्यादा वाढत गेली ती अशी. १९६८ मध्ये पाच हजार, १९७० मध्ये दहा, १९७६ मध्ये वीस, १९८० मध्ये तीस हजार आणि १९९३ मध्ये एक लाख. त्यानंतर घड्याळ थांबले ते २७ वर्षे. १९९३ मध्ये दहा ग्रॅम सोने चार हजारांच्या आसपास होते, २०२० च्या आरंभी ते चाळीस हजारांच्या घरात गेले, पण ठेवीची हमी लाखावरच राहिली. या काळात बँका बुडायच्या थांबल्या होत्या असे नाही. २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल बँक शेअर दलालीच्या घोटाळ्यात अडकली. त्याच वर्षी आमच्या सिकंदराबादेत कृषी सहकारी बँक कोसळली. जुळ्या शहरांतल्या अनेक कुटुंबांत तिचे नाव आजही निघते. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि तिचा परवाना रद्द झाला तो २०२२ मध्ये. नऊ वर्षांहून अधिक काळ!

या नऊ वर्षांतच जुन्या कायद्यातली खरी गोम दिसते. विम्याचे पैसे बँक अवसायनात निघाल्यावर, म्हणजे अधिकृतपणे गुंडाळली गेल्यावरच मिळत. नुसते निर्बंध असताना बँक जिवंतही नाही आणि मेलेलीही नाही, अशी अवस्था. मुलीचे लग्न, हृदयाची शस्त्रक्रिया किंवा घराचा हप्ता मात्र त्रिशंकूप्रमाणे अधांतरी थांबत नाही. पीएमसी बँकेत २०१९ मध्ये सुरुवातीला सहा महिन्यांसाठी फक्त एक हजार रुपये काढता येत होते. बँकेने एका बांधकाम समूहाची कर्जे लपवण्यासाठी एकवीस हजारांवर खोटी खाती दाखवली होती, हे पुढे उघड झाले. सात राज्यांत पसरलेल्या या बँकेच्या ठेवीदारांचा आक्रोश दिल्लीपर्यंत पोचला, म्हणूनच ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा पाच लाख झाली, असे माझे मत आहे. २०२१ मध्ये कायद्यात आणखी एक दुरुस्ती झाली, आणि माझ्या दृष्टीने तीच अधिक मोलाची. बँकेवर असे निर्बंध आले की ९० दिवसांत विम्याचे पैसे ठेवीदाराच्या हाती पडावेत, असे तिने ठरवून दिले. पीएमसी बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली.

आता या पाच लाखांत काय येते, हे आपल्या कामाचे. यात मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात. एकाच बँकेच्या दहा शाखांत दहा ठेवी असल्या तरी एका नावावरच्या सगळ्या एकत्र मोजतात. बँका वेगळ्या तर हमी वेगळी. पती-पत्नीचे संयुक्त खाते स्वतंत्र धरले जाते, आणि नावांचा क्रम बदललेले दुसरे संयुक्त खातेही स्वतंत्र. निवृत्तीची सगळी पुंजी एकाच नावावर, एकाच बँकेत ठेवणाऱ्यांनी हे जरूर पाहावे.

आणि काय येत नाही? पतसंस्था येत नाही. हे वाक्य मी मुद्दाम सुटे लिहिले आहे. नावात ‘सहकारी’ असते, काउंटर असतो, पासबुक असते, पण पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्या ठेवीला हा विमा नाही. बहुराज्य पतसंस्था असली तरी नाही. कंपन्यांच्या मुदत ठेवी, म्युच्युअल फंड, सोनाराकडची मासिक योजना आणि आपली लाडकी भिशी, यांपैकी कशालाच नाही. इथे आंध्र-तेलंगणात भिशीच्या जागी चिट चालते. तिला १९८२ चा कायदा आणि निबंधकाकडची नोंदणी आहे, पण ठेव विमा नाही. या गोष्टींत पैसे गुंतवू नयेत, असे माझे म्हणणे नाही. फक्त दोन्ही एका मापाने मोजू नयेत.

हा विमा बँक बुडण्याविरुद्ध आहे, खाते लुटले जाण्याविरुद्ध नाही. फसव्या फोनवर विश्वासून आपणच पैसे पाठवले तर ठेव विम्याचा त्याच्याशी संबंध येत नाही. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे वेगळे परिपत्रक आले. ग्राहकाची आणि बँकेची चूक नसताना पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकाला तोटा नाही. स्वतः ओटीपी सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचा तोटा मात्र त्याचाच. म्हणजे १९६० मध्ये घाई करणारा ठेवीदार बँकेला अडचणीत आणायचा, आणि आज त्यालाच घाई करायला लावून लुटतात. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

जाता जाता, गाव सोडून आलेल्यांसाठी एक उपयुक्त गोष्ट. दहा वर्षे ज्या खात्यात काही व्यवहार झाला नाही, त्यातली रक्कम २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होते. तरी ती बुडत नाही. खातेदार किंवा वारस बँकेकडे केव्हाही मागू शकतो. आजोबांचे किंवा वडिलांचे असे खाते कुठे आहे का, हे शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. नाव आणि पॅन, जन्मतारीख यांसारखा एखादा तपशील भरला की कोणत्या बँकेत पैसे पडून आहेत ते दिसते. सगळ्याच बँका त्यावर नाहीत, त्यामुळे गावाकडच्या लहान बँकेत स्वतः जाऊन विचारणे बरे. मागणीसाठी मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रे लागतात. शोधण्याचे शुल्क मात्र काही नाही. ‘तुमच्या आजोबांचे पैसे मिळवून देतो, आधी पाच हजार भरा’ असा फोन आला, तर तो ठेवून द्यावा.